चार प्रेक्षकांचा गुन्हा

१९९८ सालच्या मे महिन्याच्या १४ तारखेस रात्रीं अमेरिकेंत साडेसात कोटींहून अधिक माणसें एका खटल्याचा निकाल ऐकण्याकरितां टेलिव्हिजनपुढें बसलीं होतीं. आरोपी चार होते. त्यांनीं कोणाचा खून केला नव्हता, दरोडा घातला नव्हता, कोणाच्या अंगास बोटही लावलें नव्हतें. एका लहानशा गांवच्या रस्त्यावर एका लठ्ठ गृहस्थास पिस्तूल दाखवून कोणी लुटीत असतां ही मंडळी पलीकडे उभी राहून त्याच्या देहयष्टीवर कोट्या करीत होती, आणि त्यांतला एक तें सर्व चलच्चित्राच्या छायायंत्रांत टिपून घेत होता. एवढाच त्यांचा अपराध. ज्यूरीनें त्यांस दोषी ठरविलें, न्यायाधीशानें एक वर्षाची कैद दिली, चौघे कोठडींत जाऊन बसले, आणि नऊ वर्षें चाललेली 'साइनफेल्ड' नांवाची विनोदी मालिका तेथें संपली.

प्रेक्षक संतापले. ज्यांच्यावर इतकीं वर्षें लोभ केला त्यांस शेवटीं तुरुंगांत कां धाडलें, असा त्यांचा प्रश्न होता. कर्त्यानें आपणांस दगा दिला असें पुष्कळांस वाटलें. आणि अजूनही फसलेल्या शेवटांची गोष्ट निघाली कीं ह्या भागाचें नांव बहुधा घेतलें जातेंच. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. त्या रात्रींचा निकाल कायद्याच्या दृष्टीनें चूक असेल, विनोदाच्या दृष्टीनेंही तो भाग कांहींसा ओढाताणीचा झाला असेल; परंतु गुन्हा कशास म्हणावें ह्या जुन्या प्रश्नाला त्या हास्यकथेनें जितक्या उघडपणें हात घातला, तितक्या उघडपणें दुसऱ्या कोणत्याही करमणुकीच्या मालिकेनें घातल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

ज्या वाचकांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्याकरितां थोडा परिचय दिला पाहिजे. जेरी साइनफेल्ड हा विनोदी नट आपलेंच नांव धारण करून तींत वावरतो. त्याचा जुना मित्र जॉर्ज कॉस्टॅन्झा हा भित्रा, कंजूष आणि खोटें बोलण्यांत पटाईत. इलेन बेनिस ही जेरीची एके काळची प्रेयसी, आतां मैत्रीण. आणि समोरच्या बिऱ्हाडांतला क्रेमर. ह्याचा चरितार्थ कशावर चालतो हें शेवटपर्यंत कोणास नीटसें कळत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत ह्या चौघांचा काळ एका उपाहारगृहांत गप्पा मारण्यांत जातो. पहिला भाग १९८९ च्या ५ जुलैस दाखविला गेला. पुढें एकंदर १८० भाग झाले. साइनफेल्ड व लॅरी डेव्हिड हे दोघे मालिकेचे जनक. त्यांच्या लेखकमंडळींत एक नियम होता, तो पुढें फार प्रसिद्ध झाला: कोणी कोणास गळामिठी मारावयाची नाहीं, आणि कोणी कांहीं शिकावयाचें नाहीं.

हा नियम किती बंडखोर होता हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १९५२ पासून अमेरिकन प्रक्षेपकांच्या संघानें आपल्या सभासदांकरितां एक आचारसंहिता लागू केली होती. गुन्हेगारी ही अनिष्ट व सहानुभूतीस अपात्र अशीच दिसली पाहिजे, असा तिचा दंडक होता. विनोदी मालिकांनीं हा दंडक आपल्या परीनें गोड करून घेतला. 'आय लव्ह ल्यूसी' ह्या गाजलेल्या मालिकेंत, १९५५ सालच्या एका भागांत, ल्यूसी हॉलिवुडांतील ग्रॉमनच्या चिनी नाट्यगृहासमोरून जॉन वेन ह्या नटाच्या पावलांचे ठसे उमटलेली सिमेंटची लादीच उचलून आणते. उघड चोरीच ती. पण लागलीच लादी परत करण्याची धांवपळ सुरू होते, लादी फुटते, नवरा कपाळाला हात लावतो, आणि शेवटीं स्वतः जॉन वेन येऊन नवे ठसे उमटवून देतो. गुन्हा झाला, पश्चात्ताप झाला, भरपाई झाली. घर पुनः जागच्या जागीं. आपल्याकडील जुन्या प्रहसनांतही शेवटीं हरवलेली वस्तु सांपडते व भांडणारे एकमेकांस हात जोडतात, त्यांतलाच हा प्रकार.

ती आचारसंहिता १९८३ त मोडीत निघाली. पण तिची संवय लेखकांच्या हाडींमांसीं खिळली होती, आणि १९८९ सालींही बहुतेक मालिका अखेरच्या दोन मिनिटांत कोणाला तरी डोळे पुसावयास लावीत. 'साइनफेल्ड'नें हीं दोन मिनिटें कापून टाकलीं. गुन्हा राहिला, पश्चात्ताप गेला.

आतां त्या चौघांच्या अपराधांकडे वळूं. सगळे सांगत बसण्याचें कारण नाहीं. बाजाराच्या गाडीतळांत आडोसा पाहून लघुशंका करणें, अपंगांकरितां राखलेल्या जागीं मोटार उभी करणें, भुंकून झोप मोडणारा शेजारचा कुत्रा पळविणें, चित्रपटगृहांत लपून बसून चित्रपटाची चोरटी नक्कल उतरविणें, असल्या क्षुल्लक प्रकारांनींच यादी भरली आहे. पण कांहीं गोष्टी थांबून पाहण्याजोग्या आहेत.

१९९६ च्या जानेवारींत दाखविलेली पावाची गोष्ट घ्या. जॉर्जचे आईबाप त्याच्या होणाऱ्या सासुरवाडीस जेवावयास जातांना राय धान्याचा एक पाव भेट म्हणून नेतात. यजमान तो वाढावयास विसरतात. तेव्हां हा आपला अपमान झाला असें समजून बाप तो पाव गुपचूप परत घरीं आणतो. बापाची ही शोभा झांकण्याकरितां जॉर्ज तसाच दुसरा पाव त्या घरीं चोरून नेऊन ठेवण्याचा बेत करतो. पण दुकानांतला शेवटचा पाव एका म्हातारीनें नुकताच विकत घेतलेला असतो. जेरी तिला रस्त्यांत गांठून पन्नास डॉलर देऊं करतो. ती नाहीं म्हणते. आणि तो तिच्या हातचा पाव हिसकावून, वर तिलाच शिवी हासडून पळत सुटतो. कोणत्याही दंडसंहितेंत ही जबरी चोरी ठरेल. तरी प्रेक्षक हंसतो, कारण ह्या चोरीमागें भूक नाहीं, लोभ नाहीं. आहे ती केवळ चारचौघांत फजिती होण्याची धास्ती, आणि ती प्रत्येक मध्यमवर्गीय घराला चांगली ओळखीची आहे. पुढें फ्लोरिडांत जेरीच्या बापाला वसाहतीच्या अध्यक्षपदावरून काढण्याचा ठराव येतो, तेव्हां ज्या एका मतावर त्याचें पद टांगलेलें असतें तें ह्याच म्हातारीचें निघतें. ती जेरीला ओळखते. शिक्षा झाली खरी, पण बापाला.

दुसरी गोष्ट रिकाम्या बाटल्यांची. न्यूयॉर्क राज्यांत बाटली परत केल्यास पांच सेंट मिळत, मिशिगनांत दहा. क्रेमर आणि टपालखात्यांत नोकरीस असलेला त्याचा मित्र न्यूमन ह्यांच्या डोक्यांत येतें कीं इकडच्या बाटल्या तिकडे नेऊन विकाव्या. हिशेब मात्र जुळत नाहीं. गाडीचा खर्च सगळा नफा गिळून टाकतो. इतक्यांत न्यूमनला उमगतें कीं मातृदिनाच्या शुभेच्छापत्रांमुळें टपालाची एक जादा गाडी मिशिगनला जाणार आहे. झालें, सरकारी गाडींत बाटल्या भरल्या जातात. हें प्रकरण लेखकांनीं अगदीं हवेंतून काढलेलें नाहीं. मिशिगनांतील बाटल्यांचा कायदा १९७६ सालच्या सार्वमतानें झालेला आहे, आणि परराज्यांतील बाटल्या जाणूनबुजून आणून पैसे घेणें हा तेथें गुन्हा आहे. नग दहा हजार वा अधिक असल्यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. २०१६ सालीं केंटकी राज्यांतून असे दहा हजारांहून अधिक डबे आणणाऱ्या एका इसमावर मिशिगनांत खटला झाला, तेव्हां वृत्तपत्रांस ह्या मालिकेचीच आठवण झाली.

हे झाले पुस्तकांत कलम सांपडणारे गुन्हे. त्यांच्यापेक्षां ज्यांना कलम नाहीं तीं कृत्यें अधिक वाईट आहेत, आणि मालिकेचें खरें पाणी तेथेंच दिसतें. बाबू भट्ट नांवाचा एक पाकिस्तानी गृहस्थ जेरीच्या घरासमोर उपाहारगृह काढतो. गिऱ्हाईक नाहीं. जेरीला दया येते, म्हणजे आपण दयाळू आहोंत ह्या विचारानें त्याला बरें वाटतें, आणि तो सल्ला देतो कीं फक्त पाकिस्तानी पदार्थ ठेव. बाबू मोडतोड करून तसें करतो व बुडतो. पुढें त्याचीं परवान्याचीं सरकारी कागदपत्रें चुकून जेरीच्या टपालांत पडतात. तें टपाल इलेनकडे पडून राहतें. मुदत टळते, आणि बाबूला देश सोडावा लागतो. कोणी लांच घेतली नाहीं, कोणी खोटी सही केली नाहीं. एका माणसाचा संसार उठला, एवढेंच. हा भाग आम्ही पाहिला तेव्हां मोठ्यानें हंसलों होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

सर्वांत कडेलोट जॉर्जच्या वाग्दत्त वधूच्या बाबतींत. लग्नपत्रिका घेतांना जॉर्ज सगळ्यांत स्वस्त त्या पसंत करतो; त्यांच्या लिफाफ्यांचा डिंक विषारी असतो; शेंकडों लिफाफे जिभेनें चाटून बंद करतां करतां ती मुलगी मरते. जॉर्जला लग्न नकोसेंच झालेलें असतें. इस्पितळांत बातमी कळल्यावर चौघे मित्र क्षणभर घुटमळतात आणि कॉफी पिण्यास जातात. १९९६ च्या मे महिन्यांत हें दाखविलें गेलें. हेतु नसल्यामुळें हा खून नव्हे. पण त्या कॉफीला काय म्हणावें ह्यासाठीं कायद्याजवळ शब्द नाहीं.

म्हणूनच शेवटच्या भागांत लॅरी डेव्हिडनें एक कायदा कल्पिला. दोन वर्षांपूर्वीं तो मालिका सोडून गेला होता. हा भाग लिहिण्यापुरता परतला. चौघे मित्र खासगी विमानानें पॅरिसला निघतात. वाटेंत क्रेमरच्या खुळेपणामुळें विमान मॅसॅच्युसेट्स राज्यांतील लेथम ह्या काल्पनिक गांवीं उतरवावें लागतें, आणि तेथें ती लुटीची घटना घडते. पोलीस शिपाई येऊन चौघांनाच पकडतो. संकटांत सांपडलेल्यास, शक्य असतां, मदत केली पाहिजे असा कायदा आमच्या गांवांत गेल्या वर्षींच झाला आहे, असें तो सांगतो. त्यांचा वकील जॅकी चाइल्स थक्क होतो. कोणी कोणाला मदत करण्यास बांधलेला नाहीं, हेंच तर ह्या देशाचें ब्रीद, असें तो म्हणतो. नुसता बघणारा तर व्याख्येनेंच निरपराधी!

वकिलाचें म्हणणें विनोदी असलें तरी त्याच्या पाठीशीं मोठी परंपरा आहे, आणि त्या परंपरेचा एक ठळक दाखला आपल्याच देशांत लिहिला गेला. १८३७ सालीं कलकत्त्यास मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील मंडळानें हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा तयार केला. त्याला जोडलेल्या टिपणांत हाच प्रश्न चर्चिला आहे. नदीला पूर आहे, उतार धोक्याचा आहे, हें ठाऊक असून एकानें वाटसरूस सांगितलें नाहीं आणि वाटसरू बुडून मेला. सावध करण्यासाठींच सरकारानें तेथें नेमलेला तो माणूस असेल, तर तो खुनी. मोल ठरवून वाट दाखवावयास आलेला वाटाड्या असेल, तर तोही खुनी. पण कांठावरचा कोणी नुसताच माणूस असेल, तर तो खुनी नव्हे. कां? मेकॉले विचारतो: एका शब्दानें जीव वांचत असतां गप्प बसणारा माणूस नीच आहे हें खरें, पण त्याला शिक्षा करूं लागलों तर थांबावयाचें कोठें? वैशाखाच्या उन्हांत बंगालमध्यें पन्नास वार चालत जाण्याचा कंटाळा केला म्हणून खुनी ठरवावयाचें काय? कलकत्त्याचा शस्त्रवैद्य मीरतेस जाण्यास तयार नसेल तर? दारांत उपाशी मरणाऱ्या भिकाऱ्याकडे पाठ फिरविणारा धनिक हा, ज्यांस आपण कडक शिक्षा ठेवल्या आहेत अशा पुष्कळांहून अधिक वाईट माणूस असेल; तरी दंडशास्त्रानें अपाय करण्यापासून माणसास रोखावें, उपकार करावयास लावणें हें काम लोकमताकडे आणि नीतिधर्माच्या शिक्षकांकडे सोडावें. १८६० सालीं मंजूर झालेली दंडसंहिता ह्याच पायावर उभी राहिली. ती २०२४ च्या जुलैंत जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तरी त्रयस्थ वाटसरूवर सरसकट मदतीची सक्ती आपल्या कायद्यानें अजून घातलेली नाहीं; २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला संरक्षण मात्र दिलें.

फ्रान्सनें दुसरी वाट धरली. धोक्यांत असलेल्या माणसास मदत न करणें हा तेथें गुन्हा आहे. तो कायदा प्रथम झाला १९४१ सालीं, व्हिशी सरकारच्या अमलांत, आणि मुक्ततेनंतर १९४५ त नव्या सरकारनें तो थोडा बदलून ठेवून घेतला. आज त्याखालीं पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. १९९७ च्या ऑगस्ट अखेरीस पॅरिसच्या बोगद्यांत राजकन्या डायानाच्या मोटारीस अपघात झाला, तेव्हां भोंवतीं जमलेल्या छायाचित्रकारांची ह्याच कलमाखालीं चौकशी झाली. दोन वर्षांनीं ती सोडून देण्यांत आली. लेथमचा कायदा फ्रेंच कायद्यावरून घेतला असें त्या भागांतच सांगितलें आहे, आणि डायानाचा उल्लेखही आहे. खुद्द अमेरिकेंत अशी सक्ती थोड्याच राज्यांत आहे. व्हर्मॉन्टनें १९६७ सालीं ती केली; दंड जास्तींत जास्त शंभर डॉलर. मॅसॅच्युसेट्सचा १९८३ चा कायदा खून, बलात्कार, सशस्त्र लूट असे गुन्हे प्रत्यक्ष पाहणाऱ्यानें, स्वतःस धोका नसल्यास, पोलिसांस कळवावे एवढेंच सांगतो. त्यालाही शिक्षा केवळ दंडाची. तेव्हां आमच्या चौघांना खऱ्या मॅसॅच्युसेट्समध्यें फार तर दंड भरून पॅरिसचें विमान पकडतां आलें असतें.

न्यूयॉर्कच्या माणसाच्या बाबतींत ह्या विषयाखालीं एक जुनी जखमही आहे. १९६४ च्या मार्चमध्यें त्या शहराच्या क्वीन्स भागांत किटी जेनोव्हीझ नांवाच्या तरुणीचा पहांटे भोंसकून खून झाला. अडतीस शेजारी खिडकींतून पाहत राहिले, कोणी हाललें नाहीं, असें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें दोन आठवड्यांनीं छापलें, आणि शहराची दगडी मनाचें म्हणून जगभर ख्याति झाली. पुढील शोधांत हें चित्र बरेंचसें खोटें ठरलें. प्रत्यक्ष पाहणारे मूठभरच होते. आणि एक शेजारीण तर धांवत खालीं जाऊन मरणोन्मुख किटीला कवटाळून बसली होती. आपल्या मूळ बातमींत चुका होत्या हें त्या पत्रानें २०१६ त मान्य केलें. पण त्या बातमीमुळेंच डार्ली व लाटाने ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९६८ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या खोलींतील माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकविला असतां, आपण एकटेच ऐकणारे आहोंत असें समजणाऱ्यांपैकीं शेंकडा ८५ जण मदतीस धांवले. आणखी चौघे ऐकत आहेत असें समजणाऱ्यांपैकीं शेंकडा ३१ च. ऐकणारे वाढले कीं प्रत्येकाच्या वांट्यास येणारी जबाबदारी घटते.

त्या हिशेबानें टेलिव्हिजनपुढील साडेसात कोटींच्या वांट्यास काय येत असेल?

खटल्याकडे परत येऊं. सरकारी वकिलाजवळ क्रेमरनेंच घेतलेलें चित्रण आहे. तेवढ्यानें काम भागलें असतें. पण तो आरोपींचें चारित्र्य सिद्ध करूं म्हणतो, आणि नऊ वर्षांत ज्यांचें ज्यांचें वाटोळें झालें ते सारे एकामागून एक पिंजऱ्यांत येतात: पाववाली म्हातारी, बाबू भट्ट पाकिस्तानाहून, चाकांच्या खुर्चींतील बाई, आणि बातमी ऐकून जॉर्जच्या चेहऱ्यावर आवरलेला आनंद दिसला असें सांगणारा तो डॉक्टर. कायद्याच्या दृष्टीनें हें सगळें नियमबाह्य. आरोपी मुळांत वाईट आहे, म्हणून हाही गुन्हा त्यानें केला असावा, असा तर्क अमेरिकन न्यायालयें सहसा करूं देत नाहींत. आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतही तसाच नियम होता, आणि त्याच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यानें तो ठेवला आहे. परंतु लॅरी डेव्हिडला कायदा शिकवावयाचा नव्हता. जे खरे गुन्हे होते ते त्यानें नुसत्या साक्षीस आणले, आणि जो बहुतेक राज्यांत गुन्हाच नव्हे त्याबद्दल शिक्षा दिली. मेकॉलेनें जें काम लोकमताकडे सोडलें होतें तें त्यानें एका हास्यकथेच्या न्यायाधीशाकडे दिलें.

आणि येथेंच प्रेक्षकाला कांटा टोंचला असें आम्हांस वाटतें. रस्त्यापलीकडे सुरक्षित उभें राहून दुसऱ्याच्या संकटावर कोट्या करणें आणि त्याचें चित्र घेणें, हा त्या चौघांचा गुन्हा. सोफ्यावर सुरक्षित बसून म्हातारीच्या पावावर, बाबूच्या दिवाळ्यावर, लिफाफ्याच्या डिंकावर हंसणें, हा आमचा नऊ वर्षांचा विरंगुळा. दोहोंत अंतर आहे, हें उघड आहे. बाबू भट्ट हा नट होता, घरीं जाऊन जेवला असेल. पण साक्षीदारांची ती रांग पाहतांना प्रथमच लक्षांत येतें कीं ह्या माणसांना त्या भागाच्या नंतरही दिवस काढावे लागले असतील. कोणत्याही विनोदी मालिकेंत बळी पडलेल्या माणसाला अशी परत येण्याची मुभा सहसा नसते. येथें ती मिळाली. तेवढ्या वेळापुरता हंशा उणा पडला, आणि प्रेक्षकांनीं कर्त्याला तें क्षमा केलें नाहीं. कैदेंत गेल्यावर तरी चौघे कांहीं शिकतात काय? नाहीं. कोठडींत जेरी जॉर्जला त्याच्या सदऱ्याचें एक बटण चुकीच्या जागीं आहे असें सांगूं लागतो, आणि जॉर्जला आठवतें कीं हें बोलणें पूर्वीं झालेलें आहे. झालें होतें, १९८९ च्या पहिल्या भागांत.

लॅरी डेव्हिडनेंही तो खटला मनांतून काढला नाहीं. 'कर्ब युअर एन्थूझिअॅझम' ह्या आपल्या दुसऱ्या मालिकेंत तो स्वतःच्याच नांवानें वावरे. ती २००० सालीं सुरू होऊन २०२४ च्या ७ एप्रिलला संपली. शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच भागांत तो जॉर्जिया राज्यांत मतदानाच्या रांगेंत उन्हांत उभ्या असलेल्या एका ओळखीच्या बाईला पाण्याची बाटली देतो, आणि त्याला अटक होते. हा कायदा मात्र कल्पित नाहीं. जॉर्जियानें २०२१ सालीं मतदानाच्या नियमांत ज्या दुरुस्त्या केल्या त्यांत रांगेंतील मतदारांस खाणेंपिणें देण्याची मनाई खरोखरच आहे. पहिल्या खटल्यांत मदत न केल्याबद्दल शिक्षा. सव्वीस वर्षांनीं, मदत केल्याबद्दल. पुनः जुने साक्षीदार आले, पुनः एक वर्षाची कैद झाली, पुनः कोठडी. इतक्यांत जेरी साइनफेल्ड येऊन सांगतो कीं निकालापर्यंत बाहेर पडण्याची बंदी असलेल्या ज्यूरीपैकीं एकाला आपण बाहेर उपाहारगृहांत पाहिलें; त्यामुळें खटला रद्द झाला आहे. कोठडींतून बाहेर पडतां पडतां दोघांना एकदमच सुचतें कीं त्या जुन्या मालिकेचा शेवट असा करावयास पाहिजे होता. पुढच्या दृश्यांत सगळी मंडळी विमानांत बसलेली आहे, आणि खिडकीचा पडदा वर असावा कीं खालीं ह्यावरून त्यांचें भांडण चाललें आहे.